पादांशिक क्रम आणि नैराश्यावरील गोळ्या

चिकित्सालयात वरचेवर दिसणारे एक चित्र आहे. अनिद्रा, अग्निमांद्य, अंगसाद अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतो. आधीचे उपचार विचारले असता तो घुटमळतो. मग सोबत आलेली पत्नी पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप काढून पुढे ठेवते आणि विचारते, "वैद्यराज, आता तुमचं औषध सुरू होतंय, तर ही डोक्याची गोळी बंद केली तर चालेल ना?" या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, त्यावर पुढील काही महिने त्या घराचे स्वास्थ्य आणि प्रसंगी रुग्णाचे प्राणही अवलंबून असतात. म्हणून ते उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे.

विषादाचे गांभीर्य आपल्या शास्त्राला नवे नाही. रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये चरकाचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे आणि त्रिविध चिकित्सेत सत्त्वावजयाची स्वतंत्र गणना केली आहे. त्यामुळे अशा रुग्णाला आपल्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र जे द्यायचे ते चालू असलेल्या गोळीचे भान ठेवूनच दिले पाहिजे.

गोळी कशी काम करते?

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधे मेंदूतील सेरोटोनिनचे पुनर्शोषण रोखतात. त्यांचा गुण सामान्यतः दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो आणि पूर्ण परिणामास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. आरंभीच्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे त्रास आधी आणि लाभ नंतर, असा क्रम असतो. अनेक रुग्ण याच टप्प्यावर गोळी सोडतात. बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने, पुष्कळदा त्याहून अधिक काळ चालू ठेवावी लागते, अन्यथा व्याधी उलटण्याचा संभव वाढतो.

तरुण रुग्णांविषयी विशेष दक्षता हवी. चोवीस वर्षांपर्यंतच्या वयात उपचाराच्या प्रारंभी व मात्रा बदलताना आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने 2004 मध्ये मुलांबाबत आणि 2007 मध्ये तरुण प्रौढांबाबत असा इशारा या औषधांवर छापणे बंधनकारक केले. अशा रुग्णाच्या कुटुंबीयांना काय पाहावे हे सांगणे हे वैद्याचेही काम आहे.

सहसा त्याग नको

गोळी एकाएकी थांबविल्यास दोन-चार दिवसांत भ्रम, हृल्लास, अनिद्रा, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना अशी लक्षणे दिसू शकतात. आपण त्यांना वातप्रकोप समजतो, रुग्ण त्यांना आपल्या औषधाचा दोष समजतो आणि खरे कारण बाजूलाच राहते. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर जातात, म्हणून त्यांच्याबाबत हा त्रास अधिक होतो. फ्लुऑक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळते, म्हणून त्याच्याबाबत कमी होतो.

येथे आपल्याच ग्रंथांचे स्मरण करावे. शरीराला सवयीचे झालेले अपथ्यसुद्धा एकदम सोडू नये, चतुर्थांशाने किंवा चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने सोडावे, एकाएकी सोडल्यास विकार उत्पन्न होतात, असे वाग्भटाचार्य अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सांगतात. अपथ्याला जर हा नियम, तर हितासाठी दिलेल्या औषधाला तो अधिकच लागू आहे. मात्रा कमी होत जाते तसतसे शेवटचे टप्पे अधिकाधिक लहान ठेवावेत, असे आधुनिक तज्ज्ञही आज सांगतात. मात्र हा क्रम ठरविण्याचा अधिकार गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा आहे. आपण त्यांना पत्र लिहावे, रुग्णाकरवी निरोप पाठवून भागवू नये. गर्भिणीच्या बाबतीत तर हा नियम कसोशीने पाळावा.

संयोगाचा विचार

सर्पगंधेतील रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिनचे साठे रिकामे करते. नैराश्याच्या रुग्णास ते निषिद्ध आहे. रक्तदाबासाठी वा झोपेसाठी सर्पगंधा घटक असलेली वटी देण्यापूर्वी नैराश्याचा इतिहास अवश्य विचारावा.

सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट आदी कल्पांत किण्वनाने निर्माण झालेले मद्य असते. ॲमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिनसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्यांबरोबर त्यामुळे गुंगी वाढू शकते.

यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत दिल्यास रक्तातील पोटॅशियम उतरते आणि पोटॅशियम उतरलेले असता एस्सिटालोप्राममुळे हृदयगती अनियमित होण्याचा धोका वाढतो. वमन-विरेचनातही क्षारांचा ऱ्हास होतो. या गोळ्यांनी वृद्धांमध्ये सोडियम मुळातच कमी होऊ शकते, म्हणून शोधनापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. रुग्ण लिथियम घेत असेल तर अधिकच सावध राहावे, कारण शरीरातील पाणी घटताच त्याची रक्तातील पातळी वाढते. शोधनकाळात 'सर्व गोळ्या बंद' असा सरसकट आदेश कदापि देऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी

या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्याव्यात. ठरलेली गोळी दुकानात नसेल तर 'दोन दिवसांनी या' असे म्हणून ग्राहकास परत पाठवू नये. ती अन्यत्र कोठे मिळेल ते सांगावे, कारण दोन दिवसांचा खंडही त्रास देऊ शकतो. सावकाश विरघळणारी गोळी मोडून वा कुटून घेऊ नये, हे आवर्जून सांगावे.

ग्राहकाने सोबत ट्रॅमाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनयुक्त खोकल्याचे औषध मागितल्यास थांबून विचारावे. सेंट जॉन्स वर्ट या विदेशी वनस्पतीच्या कॅप्सूल 'नैसर्गिक' म्हणून खपतात. त्या या गोळ्यांबरोबर कधीही देऊ नयेत. अशा संयोगाने सेरोटोनिन अतिरिक्त वाढून कंप, अतिस्वेद, अतिसार, ज्वर व स्नायूंचे आचके अशी अवस्था काही तासांत ओढवू शकते. तेव्हा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे जठरातील रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही ध्यानात असावे.

समारोप

प्रत्येक नव्या केसपेपरवर 'मानसोपचाराची औषधे: नाव, मात्रा, केव्हापासून' एवढी एक ओळ वाढवावी आणि ती विचारताना आवाजात कुतूहल वा नापसंती डोकावू देऊ नये. लाजेपोटी लपविलेली गोळीच सर्वाधिक घातक ठरते. 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावा.

आणि त्या पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर? "बाई, गोळी चालू राहू द्या. मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलतो. पुढे कमी करायची झाली तर आम्ही दोघे मिळून, हळूहळू कमी करू."