धावपट्टीचे दिवे आणि एक सेकंद

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या वीजबंदीचा अंतिम अहवाल आला आणि खापर नॉर्थ हाइड उपकेंद्रातल्या रोहित्रावर फुटलं. त्यात ओलावा असल्याचं २०१८ मध्येच दिसलं होतं, तरी दुरुस्ती झाली नाही. पण २१ मार्च २०२५ला उपकेंद्रातल्या आगीमुळे विमानतळ बंद पडला, तेव्हा ‘एवढ्या मोठ्या विमानतळाला बॅकअप नाही?’ असं ज्यांना वाटलं, त्यांनी एक लक्षात घ्यावं. बॅकअप होता आणि तो चाललाही. तो विमान सुखरूप उतरवण्यापुरता असतो. अख्खा विमानतळ चालवण्याइतका नसतो.

माझ्या मते खरी बातमी वेगळीच होती. विमान कंपन्यांच्या वतीने नायजेल विकिंग यांनी ब्रिटिश संसदीय समितीला सांगितलं, की या आगीच्या काही दिवस आधीच त्यांनी विमानतळाला सावध केलं होतं. कारण? केबलचोरी! एकदा तर त्यापायी धावपट्टीचे दिवे काही काळ गेले होते. वायरच कापून नेली, तर बॅटरी बिचारी काय करणार?

दाट धुक्यात धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे वीज गेल्यापासून एका सेकंदात परत लागले पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कडेच्या दिव्यांना १५ सेकंद मिळतात. उतरणारं विमान सेकंदाला सुमारे ७० मीटर कापतं, म्हणजे १५ सेकंदांत किलोमीटर! थंड डिझेल जनरेटर सेकंदात लोड घेत नाही. म्हणून जुनी युक्ती अशी, की धुकं पडलं की दिवे आधीच जनरेटरवर टाकायचे आणि ग्रिडची वीज राखीव ठेवायची. कारभार उलटा, पण बिनतोड. दुसरा मार्ग यूपीएसचा, म्हणजे बॅटरीचा.

आता दिवे ‘स्मार्ट’ झालेत. सिंगापूरच्या चांगीत वैमानिकापुढे हिरवे दिवे लागत जातात, त्याने त्यांच्यामागून जायचं. एलईडीला वीज कमी लागते, त्यामुळे बॅटरीही लहान पुरते. इथवर झकास. पण साधा दिवा वीज आली की लागतो. हे स्मार्ट दिवे चालवणारा संगणक एकदा बंद पडला की पुन्हा उठायला मिनिटं घेतो. म्हणून त्याच्या विजेला त्या एका सेकंदाचीही सवलत नाही.

आणि उकाडा? लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं. त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. व्होल्टेज बरोबर दिसतं, लोड पडला की ती मान टाकते. तेव्हा नव्या विमानतळाचे स्मार्ट दिवे कुणी कौतुकाने दाखवले, तर एवढंच विचारा: बॅटऱ्यांची पूर्ण लोडवर चाचणी शेवटची कधी झाली?