साठी, बुद्धी नाठी? आधी बी-१२ तपासा



‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकली आणि आता स्वतःलाच लावू लागलो. चष्मा सापडत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव आठवत नाही, की घरचे म्हणतात, “वय झालं आता!” आम्ही निवृत्त मंडळीही ते मान्य करून गप्प बसतो. पण विसराळूपणाची काही कारणे वयात नसून आहारात असतात आणि वेळीच लक्ष दिले तर ती दूर होतात. आपल्या शाकाहारी घरांत नेहमी आढळणारे असे एक कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता.

आमच्या इंदुरातील सकाळच्या फिरण्याच्या गटातले एक स्नेही हिशेबाला पक्के. ते साध्या बेरजेत चुकू लागले, पायांना मुंग्या येऊ लागल्या. म्हातारपण समजून घरच्यांनी वर्ष घालवले. शेवटी रक्त तपासले तेव्हा बी-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शनांनंतर काही महिन्यांत डोके बरेच ताळ्यावर आले, पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. मज्जातंतूंना फार काळ इजा होत राहिली तर ती सगळी भरून निघत नाही.

बी-१२ रक्तपेशी तयार होण्यासाठी आणि मज्जातंतूंवरचे आवरण टिकण्यासाठी लागते. ते धान्य, डाळी, भाज्या, फळे यांतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे चहापुरत्या दुधाने भागत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले, आणि शाकाहारींमध्ये हा धोका बराच जास्त होता.

उतारवयात आणखी एक अडचण येते. अन्नातले बी-१२ सुटे होण्यासाठी जठरातले आम्ल लागते आणि वयानुसार ते कमी होऊ शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्तावरच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तरी बी-१२ चे शोषण घटते. शिवाय यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा थांबली तरी जुन्या शिलकीवर खाते चालू राहते, आणि शिल्लक संपत आल्याचे उशिरा कळते.

मग करावे काय? विसराळूपणा, मुंग्या, तोल जाणे, सततचा थकवा यांपैकी काही जाणवल्यास डॉक्टरांना सांगून बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. त्या मनाने बंद करू नयेत. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत, कारण त्याने रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. रात्री चहा-टोस्टवर भागवण्याऐवजी वरण-भात, भाजी आणि वाटीभर दही घ्यावे. कमतरता फार असेल तर केवळ आहाराने ती भरून निघत नाही. गोळ्या किंवा इंजेक्शने लागतात.

एक खुलासा आवश्यक आहे. बी-१२ ही बुद्धी वाढवण्याची गोळी नव्हे आणि अल्झायमरवरचा इलाजही नव्हे. ज्यांना कमतरता नाही त्यांची स्मरणशक्ती त्याने वाढत नाही. पण ज्यांना कमतरता आहे त्यांच्या बाबतीत उशीर महागात पडतो.

तेव्हा मंडळी, घरातले आजी-आजोबा विसरू लागले तर “वय झालं” म्हणण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. आम्हीही आमची तपासणी करून घेतली आहे.