उच्च शिक्षणाची आर्थिक तरतूद : प्राथमिक शिक्षकांचे कार्य

खेड्यातील पालक मुलांच्या महाविद्यालयीन खर्चाचा विचार बहुधा बारावीचा निकाल हाती आल्यावर करू लागतो. तोच पेरणीचा काळ असतो. घरातील रोकड बी-बियाण्यात व खतात गेलेली असते. मग दागिने गहाण टाकणे, दुभते जनावर विकणे अथवा सावकाराचे दार ठोठावणे एवढेच मार्ग उरतात. आणि तेही साधले नाहीत तर मूल, पुष्कळदा मुलगीच, घरी बसते. हा विषय पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी पालकाच्या कानी घातला गेला, तर त्याच्या हाती बारा वर्षे असतात. त्या दिवशी त्याच्यासमोर बसलेली व्यक्ती म्हणजे प्राथमिक शिक्षकच होय.

प्रथम खर्चाचे खरे स्वरूप पालकास समजावून द्यावे. पालकास फीची धास्ती वाटते. परंतु फीमध्ये शिष्यवृत्त्यांचा व सवलतींचा आधार मिळू शकतो; महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले आहे. खेड्यातील मुलाचे घोडे अडते ते तालुक्याच्या किंवा शहराच्या गावी राहण्या-जेवण्यापाशी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, ती हीच अडचण ओळखून. तेव्हा तरतूद करावयाची ती मुख्यतः खाणावळ, खोली, प्रवास व पुस्तके यांसाठी, हे पालकास सांगितल्याने त्याची भीतीही थोडी कमी होते.

दुसरी गोष्ट चक्रवाढीची. ती उपदेशाने पटत नाही, फळ्यावर आकडे मांडल्यास पटते. सोयीसाठी व्याजाचा दर ७ टक्के व व्याज दरमहा चक्रवाढीचे धरू. दरमहा ५०० रुपये १५ वर्षे टाकल्यास मूळ भरणा ९० हजार रुपयांचा होतो व हाती सुमारे १ लाख ५८ हजार येतात. हीच रक्कम अखेरच्या ५ वर्षांत उभी करावयाची झाल्यास दरमहा २,२०० रुपयांहून अधिक टाकावे लागतात. मात्र दुसरी बाजूही लपवू नये. खर्च दरसाल ६ टक्क्यांनी वाढत गेला, तर आज १ लाखात होणारे शिक्षण १२ वर्षांनी २ लाखांचे होते. म्हणून पैसा घरच्या डब्यात साठविणे पुरेसे नाही.

मुलीसाठी २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना प्राथमिक शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावी. कारण मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वीच हे खाते उघडावे लागते, आणि हा काळ ती प्राथमिक शाळेत असतानाचाच असतो. वर्षास किमान २५० रुपये भरावे लागतात व भरणा १५ वर्षे करावयाचा असतो. दरमहा हप्त्याची सक्ती नाही, म्हणून सोयाबीन, कापूस किंवा उसाचे पैसे आले की एकदम भरता येतात. शेतकऱ्यास हे सोयीचे पडते. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेपैकी निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. सगळी नव्हे, निम्मी. हिशेब करताना पालकाचा येथेच घोटाळा होतो. मुलासाठी पोस्टातील आवर्ती ठेव अथवा भविष्य निर्वाह निधीचे सार्वजनिक खाते आहे. नंतरचे खाते १५ वर्षांचे असले तरी सातव्या आर्थिक वर्षापासून त्यातून अंशतः रक्कम काढता येते.

शिक्षकाने माहिती द्यावी, पासबुकावरील नोंद वाचून दाखवावी. पण पालकाचे पैसे स्वतःच्या हाती घेऊ नयेत. दामदुपटीचे आमिष दाखविणाऱ्या योजनांपासून मात्र त्यास अवश्य सावध करावे.

सातवीत ५५ टक्के गुण मिळविणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेस बसवावे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस गुणांत ५ टक्के सूट आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार रुपये खात्यात येतात. त्यातील काही भाग शिल्लक राहिला, तर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची खाणावळ त्यातून भागू शकते.

राहिले ते शिक्षकाच्या स्वतःच्या लेखणीचे काम. जनरल रजिस्टरातील नावाची एक वेलांटी, आडनावाचे एक अक्षर, जातीच्या रकान्यातील अर्धवट नोंद किंवा जन्मतारखेची चूक दाखल्यावर उतरते, तेथून पुढील कागदपत्रांत जाते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर बँकेतील नाव व शाळेतील नाव जुळेनासे होते. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती फार जिकिरीची होते. यासाठी प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला समोर ठेवून नोंद करावी, ती पालकास मोठ्याने वाचून दाखवावी, आणि चौथीचा दाखला लिहिण्यापूर्वी तीच नोंद पुन्हा एकदा पडताळून पाहावी.