चौकट : समुद्र नसलेल्या देशाची चव

लाओ जेवण म्हणजे थाई जेवणाचीच धाकटी पाती, असं सर्रास म्हटलं जातं. ते पटत नाही. लाओसला समुद्रच नाही; इथला खारटपणा येतो पादेकमधून, म्हणजे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात मुरवलेल्या नदीच्या माशांतून. लुआंग प्राबांगला हिवाळ्यात मेकाँगचं पाणी ओसरलं की खडकांवरचं शेवाळ काढून धुतात, पातळ थापतात, वर तीळ, लसूण, टोमॅटोच्या चकत्या पसरून उन्हात वाळवतात. तळलं की झालं काइपेन! लाओ लोकांचा रोजचा चिकट भात ईशान्य थायलंडातही खातात, हा आक्षेप खरा. पण तिथली बहुसंख्य वस्ती लाओ वंशाचीच. लुआंग प्राबांगच्या राजवाड्याचे आचारी फिया सिंग यांच्या १९८१ साली छापलेल्या पाककृतींतही पादेक आहेच. लुआंग प्राबांगला बोटीने जाणाऱ्यांनी हॉटेलच्या मेनूआधी काठावरचा सकाळचा बाजार पाहावा.