रोव्हेली, नागार्जुन आणि प्रयोगशाळेतला उंदीर

"क्वांटम फिजिक्सनं सिद्ध केलंय की सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, म्हणून प्राण्यांना इजा करू नये." हे वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकलंच असेल. ऐकायला छान आहे, पण त्यात दोन उड्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी पाय घसरतो.

पहिली उडी फिजिक्सकडून बौद्ध विचाराकडे. कार्लो रोव्हेली यांनी १९९६ मध्ये रिलेशनल क्वांटम मेकॅनिक्स मांडलं. इलेक्ट्रॉनच्या गुणधर्माला एकट्यानं अर्थ नसतो. दुसऱ्या वस्तूशी आंतरक्रिया झाली की तिच्या सापेक्ष तो ठरतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे नागार्जुन वाचताना त्यांना शून्यतेच्या विचारात याचं साम्य दिसलं आणि 'हेल्गोलँड'मध्ये त्यांनी ते लिहिलंही. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. नागार्जुनापुढे इलेक्ट्रॉन नव्हता. शिवाय हा क्वांटमच्या अनेक अन्वयार्थांपैकी फक्त एक.

दुसरी उडी 'जोडलेलं आहे' वरून 'इजा करू नये' वर. अहो, गाय आणि गोचीडही जोडलेलीच असतात की! 'आहे' मधून 'पाहिजे' आपोआप निघत नाही, याकडे ह्यूमनं अठराव्या शतकातच बोट दाखवलंय.

शांतिदेवाचा युक्तिवाद मला जास्त प्रामाणिक वाटतो. 'बोधिचर्यावतारा'च्या आठव्या प्रकरणात तो विचारतो की दुःखाला कायमचा मालकच नसेल, तर माझं दुःख आणि दुसऱ्याचं दुःख हा भेद कशाच्या जोरावर? ते दुःख आहे, एवढ्यासाठीच टाळायचं. वाद घालता येईल, पण गृहीतक समोर मांडलेलं आहे.

आता उंदीर. बायोफिजिक्सकडे वळलात तर प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी नीतिसमितीकडे अर्ज करावा लागेल. त्यामागचा विचार रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडला: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत केलेला फरक इथे नेमका उपयोगी पडतो. इच्छा कुणालाच नसते, प्रश्न गरजेचा. 'आधीच्या पेपरात बारा होते म्हणून आम्हीही बारा' ही गरज नाही, सवय आहे. आणि उंदीर फार कमी घेतले, निष्कर्षच निघाला नाही, तर तेही फुकट गेले. त्यामुळे अर्ज भरण्याआधी एखाद्या स्टॅटिस्टिक्सवाल्याला गाठा आणि सॅम्पल साइजचं गणित त्याच्यासमोर बसून करा.