ड्राय बॅटरीला जोराचा डोस नको



उसाच्या माणसाने बॅटरीवर का लिहावे, असे कुणी विचारील. कारण हुमणी. वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. प्रकाश सापळा उपयोगी पडायचा तो या मोजक्याच रात्री. पण सौर सापळा वर्षभर गोठ्यात पडून राहतो आणि नेमका त्या रात्री मिणमिणतो. मग बॅटरी काढून चार्जिंगला लावतात आणि "जरा जोराचा डोस द्या" म्हणून सांगतात. हा जोराचा डोस धोक्याचा आहे.

सौर कृषिपंप ऊन असेल तोवर चालतो, त्याला साधारणपणे बॅटरी नसते. तो विषय येथे नाही. सापळा, वस्तीवरचा सौर दिवा, बॅटरीवरचा फवारणी पंप यांबद्दल हे लिहिले आहे. नव्या काही वस्तूंत लिथियम बॅटरी असते, तिला यातले काही लागू नाही. शिशाची जी बंद बॅटरी असते तिला आपण 'ड्राय' म्हणतो. खरे तर ती कोरडी नसतेच. आतले आम्ल काचतंतूच्या गादीत शोषलेले किंवा जेलीसारखे घट्ट केलेले असते, इतकेच.

बॅटरी उतरली की आतल्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते. लगेच भरली तर ते विरघळते, तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात. शिवाय १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि ते हळूहळू पुढेमागे पडतात. घरच्या इन्व्हर्टरची पाणी टाकायची ट्यूब्युलर बॅटरी असेल तर तिला अधूनमधून १५ ते १५.५ व्होल्टपर्यंत चढवून काही तास ठेवतात. पाणी बुडबुडते, आम्ल ढवळले जाते, मागे पडलेले सेल बरोबरीला येतात. यालाच इक्वलायझिंग म्हणतात. पाणी कमी झाले की डिस्टिल्ड वॉटर टाकले, काम झाले.

कृष्णाकाठच्या क्षारपड रानाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. क्षार धुऊन काढायला भरपूर पाणी द्यावे लागते, पण निचरा असेल तरच. निचरा नसता पाणी सोडले तर रान आणखी बिघडते. बंद बॅटरीची अडचण याच जातीची आहे. तिच्यात रोजचा थोडा वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतो. व्होल्ट फार चढवले तर वायू जास्त होतो, झडप उघडते आणि तो बाहेर जातो. गेलेले पाणी परत टाकायला भोकच नाही. गादी सुकते, बॅटरी तापते, तापली की आणखी करंट ओढते, आणखी तापते, आणि फुगते. बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. बंद खोलीत, चुलीजवळ किंवा मुले झोपतात तेथे चार्जिंग मुळीच करू नये.

मग उतरलेली बंद बॅटरी सावरायची कशी? जोर न वाढवता वेळ वाढवून. लहान बॅटरीच्या अंगावर चार्जिंगचे व्होल्ट आणि जास्तीत जास्त करंट बहुधा छापलेला असतो, तो वाचावा. छापील आकडा पुसला असेल तर १४.४ व्होल्टच्या वर जाऊ नये, जेल असेल तर १४.१ पुरेत. करंट अँपियर-अवरच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ७ च्या बॅटरीला ०.७ अँपियर. तो उतरत उतरत ०.१ च्या आसपास आला की बॅटरी भरली. नंतर १३.६ व्होल्टवर दिवसभर राहू द्यावी, मागे राहिलेले सेल त्यात बरेच सावरतात. हाताला चांगली गरम लागली तर लगेच काढावी. फुगलेली, चिरलेली बॅटरी चार्जिंगला लावूच नये. तासभर विश्रांती देऊनही १०.५ च्या पुढे जात नसेल तर एक सेल गेलेला असण्याचा संभव फार. अशा वेळी १४.४ चा सगळा भार उरलेल्या पाच सेलांवर पडतो आणि ते उकळतात. अशी बॅटरी सोडून द्यावी.

वस्तीवर २४ व्होल्टचा संच असेल तर आणखी एक गंमत होते. कंट्रोलरला दोन बॅटऱ्यांची बेरीज २८.८ दिसते, पण आत एक १५.४ वर नि दुसरी १३.४ वर असू शकते. पहिली सुकते, दुसरी उपाशी. म्हणून दोन्ही सोडवून एकेक वेगळी पूर्ण भरावी. दोघींचे व्होल्ट जवळजवळ सारखे झाले की अधिकला अधिक, उण्याला उणे जोडून रात्रभर ठेवावे, मग पूर्वीसारखी जोडणी करावी. हातातले कडे, अंगठी आधी काढावी.

कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायचा असतो तेथे 'सील्ड' किंवा 'जेल' आहे का पाहावे. 'फ्लडेड' राहिले तर बरेच कंट्रोलर महिन्याकाठी आपोआप तो जोराचा डोस देतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पाटण, कोयनेकडे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नाही. तेथे बॅटरी अर्धपोटी राहते, म्हणून आगोटीपूर्वी व दसऱ्याला एकदा विजेच्या चार्जरवर पूर्ण भरावी. आटपाडी, जतकडे ऊन मुबलक, पण पत्र्याखालची बॅटरी तापते. ४५ अंशांच्या उष्णतेत १४.४ ऐवजी १३.९ च्या आसपास व्होल्ट द्यावे लागतात. बॅटरी सावलीत ठेवली तर निम्मे काम होते.

सापळ्याचे काम संपले की बॅटरी पूर्ण भरून तिची एक वायर काढून ठेवावी. दिवा बंद असला तरी कंट्रोलर थोडी वीज पीत असतो. दर दोन-तीन महिन्यांनी व्होल्ट पाहावे, १२.४ च्या खाली असेल तर पुन्हा भरावी. निकामी बॅटरी फोडू नये, आम्ल ओढ्यात ओतू नये. २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा विक्रेत्याकडेच द्यावी.

मल्टिमीटर ज्यांच्याकडे नाही त्यांनी सापळ्याची बॅटरी मार्चअखेर चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात दाखवावी. एप्रिलमध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही.