उन्हाच्या आधी बर्फावर

फेब्रुवारी सरत आला की सोलापुरात पारा पस्तिशीला टेकतो. गड्ड्याची यात्रा होऊन जेमतेम महिना झालेला असतो, तोच सात रस्त्यावरचे दुचाकीवाले सिग्नलला सावली शोधू लागतात. नेमक्या याच दिवसांत काही सोलापूरकर लोकरी मोजे आणि थर्मल कपडे बॅगेत कोंबून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली गाठतात आणि डेहराडूनमार्गे उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावात उतरतात. २०१२ साली याच शहरातल्या आनंद बनसोडे यांनी एव्हरेस्ट सर केलं. बाकीच्यांची झेप बहुधा सांकरीजवळच्या केदारकंठा शिखरापर्यंत असते. पण साडेबारा हजार फूट म्हणजे काही थोडी उंची नव्हे.

निघताना सगळ्यांना धास्ती थंडीची असते. प्रत्यक्षात या दिवसांत बर्फावरच्या चालीचं वेळापत्रक ठरवतं ते ऊन.

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ जानेवारीपासून मार्चपर्यंत हिमालयात बर्फ ओतत राहतात. त्यामुळे हिवाळा संपत आला तरी वाटेवर थरांवर थर साचलेले असतात. दिवस मोठा होत जातो, दुपारी वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. पहाटे त्यावर टणक कवच तयार असतं. बुटाला मायक्रोस्पाइक्सचे टोकदार दाते चढवले की त्यावरून झपाझप चालता येतं. दहा-अकरानंतर तेच कवच मऊ पडतं आणि पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो. सकाळी तासाभरात कापलेली चढण दुपारी उतरताना दमवते ती यामुळेच. म्हणून शिखराची चाल पहाटे तीन-चारलाच सुरू होते. उन्हाळ्यात बाजारहाट दहाच्या आत उरकणाऱ्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

डोंगराची प्रत्येक बाजू मात्र वेगळी वागते. दक्षिणेकडच्या उतारावर बर्फ लवकर ढिला होतो, तर उत्तरेकडे सावलीत दुपारीही काचेसारखा गुळगुळीत राहतो. ओढ्यावरचा बर्फाचा पूल वरून भक्कम दिसला, तरी खालून पाण्याने पोखरलेला असू शकतो. झाडाच्या बुंध्याभोवतीही पोकळी असते, तिथे पाय न टाकलेलाच बरा.

तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमस्खलनाला सर्वांत पोषक. मोठ्या हिमवृष्टीनंतरचा एखाददुसरा दिवस तर फारच जोखमीचा. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोली जिल्ह्यातल्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळलं. ५४ कामगार त्यात सापडले, ४६ वाचले, आठ जण दगावले. डोंगरात राबणाऱ्यांची ही गत, तर चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला की हुज्जत घालू नये. रजा संपत आली, हे कारण बर्फाला कळत नाही.

कपड्यांच्या बाबतीत सुतावर वाढलेल्या या शहराला सवय मोडावी लागते. सुती बनियन घाम पिऊन ओलं राहतं आणि थांबल्याबरोबर अंग गारठवतं. तिथे लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे थरच हवेत, आणि चढ लागण्याआधी एक थर उतरवायचा. गॉगलशिवाय तर पाऊल टाकू नये. हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत उलट फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही कातडी भाजते ती अशी. डोळे भाजले तर काही तासांनी त्यात वाळू गेल्यासारखं खुपू लागतं.

केदारकंठ्याच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नकोसं झालंय, ही विरळ हवा बाधल्याची लक्षणं. अशा वेळी वर चढणं थांबवायचं, आणि त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. भूक शाबूत असेल, तर सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी इथे उत्तम चालते. दोन्हींत पाण्याचा अंश नावालाच, त्यामुळे गोठून दगड होण्याची भीती नाही. शिवाय शेंगदाण्याची स्निग्धता चढावर बराच वेळ पुरते. पाणी मात्र तहान नसली तरी घोट घोट पीत राहावं, आणि बाटली रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊनच झोपावं.